ड्रमवर चढवलेली अब्रू

"हे कपडे धुतं का?" विदादने विचारलं.

"नाही," नख्ले म्हणाले.

"मग वाळवतं?"

"विदाद, हा ड्रम स्कॅनर आहे."

"म्हणजे जागा अडवणार, वीज खाणार, गरगर फिरणार आणि घरातलं एक काम करणार नाही. असा एक आहे की माझ्याकडे आधीच!"

नख्ले फरहूद यांनी या वाक्याकडे दुर्लक्ष केलं. लग्नानंतर त्यांनी जी काही विद्या कमावली होती, ती हीच. इमारतीतले लोक त्यांना उस्ताद म्हणत, पण त्यांनी कधी कुणाला काही शिकवलं नव्हतं. बैरूतच्या भूमापन कचेरीत ते आयुष्यभर दुसऱ्यांच्या जमिनींच्या नकाशांवर शिक्के मारत होते. आमच्याकडे माणसाने कोट घातला आणि चष्मा लावला की तो उस्ताद होतो. बाकी चौकशी कुणी करत नाही.

भानगड होती एका फोटोची. फोटो त्यांच्या गावचा, कफर लौजचा. गावात पहिल्यांदा वीज आली त्या दिवशीचा. त्या काळी आमच्या डोंगरात रस्ता, पाणी, शाळा, पोस्टमन, जे काही यायचं ते इस्कंदर बेक यांच्या कृपेने. बेक म्हणजे गावचे जमीनदार, तेच आमदार, तेच मंत्री, आणि अडीनडीला देवाकडचे वकीलही. तर बेकांनी बटण दाबलं, दिवा लागला, बायकांनी आरोळ्या ठोकल्या, आणि बेक मंडपात खुर्चीवर जाऊन बसले. मग गावातला एकूण एक कर्ता पुरुष रांगेने आला आणि कमरेत वाकून त्यांच्या हाताचं चुंबन घेऊन गेला. ब्राझीलहून सुट्टीवर आलेल्या एका फरहूदने आपल्या थोराड कॅमेऱ्याने ही रांग रंगीत स्लाइडवर टिपली.

बाजूने काढलेल्या त्या फोटोत नुसत्या पाठी दिसतात. वाकलेल्या, एकामागे एक. तोंडं सावलीत बुडालेली, एकाचंही नीट दिसत नाही. पण मागे, मंडपाच्या काळोखात, एकजण ताठ उभा आहे. डोक्यावर तुर्की टोपी, अंगात लांब कोट, आणि वाकायचं नाव नाही.

त्या एका माणसावर साऱ्या फरहूद घराण्याचा ताठा उभा होता. बेकांपुढे न वाकलेला फरहूद! नख्ले यांचे वडील वदी फरहूद मरेपर्यंत सांगत की तो मीच. दुर्दैवाने नख्ले यांचा चुलतभाऊ मुनीर याचे वडील तौफीक हेही मरेपर्यंत तेच सांगत. दोन्ही म्हातारे गेले, वाद मात्र वारसाहक्काने मुलांकडे आला. लग्न, बारसं, मयत, काहीही असो, कॉफीचा दुसरा घोट होतो न होतो तोच कुणीतरी म्हणायचं, "बाकी तो फोटोतला कोण हो?" आणि नख्ले व मुनीर कप खाली ठेवायचे.

आता फरहूद मंडळाने गावात नवीन सभागृह बांधलं होतं. समोरच्या भिंतीवर हा फोटो भिंतभर मोठा करून लावायचा आणि खाली पितळी पाटीवर त्या ताठ माणसाचं नाव कोरायचं, असं ठरलं. उद्घाटनाला कोण? तर इस्कंदर बेक. म्हणजे त्यांचा नातू, त्याचंही नाव इस्कंदर, कारण आमच्याकडे नाव बदलायची पद्धत नाही आणि बेक बदलायची तर नाहीच. बेकांपुढे न वाकलेल्या माणसाच्या फोटोचं उद्घाटन बेकांच्याच हस्ते, यात काही चुकतंय असं मंडळात एकालाही वाटलं नाही. वाटलं असतं तर एव्हाना आमच्याकडे आलेली वीज टिकलीही असती.

पाटीवर वदी यायचा की तौफीक, एवढाच प्रश्न होता. नख्ले यांच्या आयुष्यात यापेक्षा मोठा प्रश्न उरलेला नव्हता.

मूळ स्लाइड त्यांच्याकडेच होती. गल्लीतल्या फोटोवाल्याने ती आपल्या साध्या स्कॅनरवर ठेवून पाहिली. बाहेर आला तो कोळसा. त्या काळोखातून टोपी आणि कोट यांपलीकडे काही निघेना. मग एका मयताच्या घरी, सांत्वनाच्या खुर्च्यांवर, त्यांच्या शेजारी मुस्यू होवसेप येऊन बसला. हा अर्मेनियन गृहस्थ बैरूतच्या एका छापखान्यात उमेदीची सगळी वर्षं ड्रम स्कॅनर चालवत होता, आणि ते जगातलं सर्वांत अवघड काम आहे याबद्दल त्याच्या मनात शंका नव्हती.

"साधा स्कॅनर काय, वरवर बघतो," तो मयताच्या बायकोकडे पाठ करून म्हणाला. "ड्रम? ड्रमचं वेगळं. स्वच्छ पारदर्शक नळकांडं असतं. फिल्म त्याला खास तेलाने चिकटवायची, बुडबुडा राहू द्यायचा नाही. मग ते भन्नाट फिरतं आणि सुईच्या टोकाएवढा उजेड ठिपका ठिपका वाचत जातो. काळ्यातलं काळं काढतो, मुस्यू नख्ले! अंधारात माशी बसली असेल तर माशीच्या मिशा दाखवीन."

"मला माशी नको. माझे वडील हवेत."

"वडील सोपे," होवसेप म्हणाला.

त्याचा छापखाना बंद पडला होता आणि मशीन भंगारात निघालं होतं. जो उचलून नेईल त्याचं. नख्ले यांनी तिथेच, मयताच्या घरी, हात वर केला. मशीनचं वजन विचारावं हे त्यांना सुचलं नाही. भूमापन खात्यात वजनाचा संबंध येत नाही.

मशीन जिन्यातून जाणार नव्हतं, लिफ्टमध्ये तर त्याचा पायही मावला नसता. मग आमच्याकडे सामान चढवतात तसं, रस्त्यात उचलगाडी उभी करून तिच्या शिडीवरून चौथ्या मजल्याच्या बाल्कनीतच चढवायचं ठरलं. रस्ता अडवायचा म्हणजे नगरपालिकेची परवानगी आली. नख्ले मोठ्या आत्मविश्वासाने गेले. कचेरीतल्या माणसाला कचेरीची भीती कसली?

खिडकीतल्या कारकुनाने विचारलं, "वस्तू काय?"

"स्कॅनर."

"वैद्यकीय? मग आरोग्य खात्याचं पत्र आणा."

"नाही हो, फोटोचा. छपाईच्या कामात वापरतात तो."

"छपाई यंत्र! मग माहिती खात्याचं पत्र. शिवाय काय छापणार याचं हमीपत्र."

"काही छापणार नाही. ते फक्त बघतं."

कारकुनाने लेखणी खाली ठेवली. "बघतं? कुणाला बघतं? मग तुम्ही सुरक्षा खात्याकडे जा."

नख्ले यांच्या कपाळाला घाम फुटला. आयुष्यभर त्यांनी खिडकीच्या आतल्या बाजूने हेच सगळं लोकांना ऐकवलं होतं. त्यात एवढी मजा असते हे बाहेरून कळत नव्हतं. शेवटी कारकुनालाच त्यांची दया आली. "उस्ताद, ते फिरतं का?" त्याने विचारलं. फिरतं, म्हणाले. "मग वॉशिंग मशीन लिहितो. त्याला काही लागत नाही. फक्त एक मुद्रांक चिकटवा."

तो एक मुद्रांक सबंध बैरूतमध्ये नव्हता. सरकारने छापायचे बंद केले होते, आणि उरलेले ज्यांच्याकडे होते ते सोन्याची अंगठी दाखवावी तसे खिशातून अर्धवट काढून दाखवत. ज्या माणसाने जन्मभर मुद्रांकांवर धडाधड शिक्के हाणले, तो आता केशकर्तनालयांतून आणि भाजीच्या दुकानांतून "एखादा असेल का हो?" म्हणत हिंडत होता. अखेर तो मिळाला एका शवपेट्यांच्या दुकानात. दुकानदाराने तो देताना "कुणासाठी?" असं हळूच विचारलं. वॉशिंग मशीनसाठी, हे उत्तर ऐकूनही त्या बिचाऱ्याने सांत्वनाला नख्ले यांचा हात दाबला.

मशीन चढलं. चढताना एका कठड्याला घासलं आणि ड्रमवरचं झाकण निखळून खाली पडलं, ते कुणीतरी तत्परतेने उचलून पळवलं. पण मशीन चढलं. खालच्या मजल्यावरच्या मादाम जॉर्जेत पायऱ्या चढत तरातरा वर आल्या. "उस्ताद, परवानगीत वॉशिंग मशीन लिहिलंय म्हणे. एवढे कसले कपडे धुणार तुम्ही? अख्ख्या लष्कराचे? माझं छत कोसळलं तर?"

"मादाम, हे कपडे धुण्याचं नाही."

"मग ते दक्षिणेकडे तोंड करून ठेवा. माझ्या बहिणीने फ्रीज तसाच ठेवलाय, अजून बिघडला नाही."

आता वीज. सरकारी वीज आमच्याकडे दूरच्या आत्यासारखी असते. कधी येईल सांगता येत नाही, आली की सगळे धावपळ करतात, आणि नीट बसायच्या आत ती निघते. खरा आधार गल्लीतल्या जनरेटरवाल्या अबू शर्बलचा. नख्ले यांच्या घराला त्याचे पाच अँपियर मिळत. तेवढ्यात फ्रीज चालतो किंवा माणूस इस्त्री करतो, दोन्ही नाही. होवसेपने मशीनची कळ दाबली, आतून हत्तीने उसासा टाकावा तसा आवाज आला, आणि अख्खी इमारत अंधारात गेली. लिफ्ट दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्याच्या मध्ये थांबली. आत मादाम जॉर्जेत होत्या. "दक्षिणेकडे!" त्यांचा आवाज पोकळीतून वर आला. "मी सांगितलं होतं, दक्षिणेकडे!"

अबू शर्बल धापा टाकत आला. त्याने मशीनभोवती एक फेरी मारली आणि नख्ले यांच्या खांद्यावर हात ठेवला. "उस्ताद, आपल्यात लपवाछपवी कशाला? हे इंटरनेटवरचं नाणं पाडायचं यंत्र आहे ना? मला भागीदार घ्या, लागेल तेवढी वीज देतो."

"अबू शर्बल, हे माझ्या वडिलांचा चेहरा शोधायचं यंत्र आहे."

"नका सांगू," अबू शर्बल दुखावून म्हणाला. "पण वडिलांना मध्ये आणू नका."

शेवटी तोडगा विदादनेच काढला, आणि तोही नवऱ्याच्या प्रेमापोटी नव्हे, तर मशीन बैठकीच्या खोलीतून लवकर जावं म्हणून. तिने शेजाऱ्यांना राजी केलं. रविवारी दुपारी सगळ्यांनी आपापले फ्रीज बंद करायचे आणि आपापले अँपियर वायरींनी बाल्कनीतून बाल्कनीत नख्ले यांच्याकडे सोडायचे. शेजारी लगेच तयार झाले. आमच्याकडे माणसं शेजाऱ्यासाठी वीज सोडतात, पण तो त्या विजेचं काय करतो हे स्वतः बघितल्याशिवाय नाही. त्यामुळे रविवारी दुपारी सगळी इमारत नख्ले यांच्या बैठकीत बसली होती, आणि बंद फ्रीजमधलं जे टिकणार नव्हतं ते ताटं भरभरून सोबत आणलं होतं.

नख्ले यांनी मुनीरलाही बोलावलं होतं. मुद्दाम. पराभव त्याने आपल्या डोळ्यांनी पाहावा म्हणून. तो आला, नवा पांढरा सूट घालून, सोफ्यावर पाय पसरून बसला. हा मुनीर विमा विकायचा, त्यामुळे दुसऱ्याच्या घरात आरामात बसणं त्याला जमायचं.

आणि होवसेपची बाटली रिकामी निघाली. फिल्म चिकटवायचं ते खास तेल बूच नीट न लावल्याने केव्हाच उडून गेलं होतं. "बुर्ज हमूदला माझा एक मित्र आहे, त्याच्याकडे असेल," असं म्हणून होवसेप टोपी घालून निघाला. "कुणी कशाला हात लावू नका!"

बसले सगळे. आइस्क्रीम वितळलं. कुणाच्या तरी फ्रीजमधले मासे वास मारू लागले. मुनीरने घड्याळ बघितलं, जांभई दिली आणि म्हणाला, "काय भाऊ, आजही दर्शन नाही वाटतं? बरोबर आहे. नसलेला माणूस दिसायला वेळ लागतोच."

नख्ले उठले. तडक स्वयंपाकघरात गेले आणि ऑलिव्ह तेलाचा डबा घेऊन आले. कफर लौजचं तेल, त्याच वर्षीचं.

आता हे बाहेरच्याला वेडेपणाचं वाटेल. पण आमच्या डोंगरातल्या माणसाला विचारा. आपल्या गावच्या तेलाने कान दुखायचा थांबतो, दाराचं बिजागर कुरकुरायचं थांबतं, बाळाचं पोट उतरतं आणि म्हाताऱ्याचे गुडघे चालतात, अशी त्याची खात्री असते. फिल्मचं असं काय मोठं? खोलीत एकानेही "थांबा" म्हटलं नाही. मादाम जॉर्जेत एवढंच म्हणाल्या की आमच्या गावचं तेल याहून पातळ आहे, ते जास्त शोभलं असतं. त्यावर मुनीर ताडकन उठला. "मादाम, कफर लौजच्या तेलाबद्दल माझ्यासमोर बोलायचं नाही हं! घाल भाऊ, बिनधास्त घाल!" दोघा चुलतभावांचं आयुष्यात पहिल्यांदाच एकमत झालं.

नख्ले यांनी ड्रमवर तेल ओतलं, स्लाइड त्यावर चापून बसवली. होवसेप कडांना चिकटपट्टी लावायचा हे त्यांनी त्याच्याकडूनच ऐकलं होतं, पण एवढ्या चांगल्या तेलावर चिकटपट्टी म्हणजे अविश्वास दाखवण्यासारखं झालं असतं. त्यांनी कळ दाबली. ड्रम फिरू लागला. जोरात, मग आणखी जोरात. झाकण तर रस्त्यावरच गेलेलं.

मग तेल आलं. ते भिंतींवर आलं, पडद्यांवर आलं, विदादच्या आईच्या फोटोवर आलं, मादाम जॉर्जेतच्या चष्म्यावर आलं. अबू शर्बल टेबलाखाली शिरला. कुणीतरी वायर उपसली आणि ड्रम घरघरत थांबला, तेव्हा खोलीतला प्रत्येकजण मसाला लावून ठेवल्यासारखा चकाकत होता. आणि ड्रमवर स्लाइड नव्हती.

"स्लाइड!" नख्ले किंचाळले. "हलू नका कुणी! पाय उचलू नका!"

सगळे गुडघ्यांवर आले. सोफ्याखाली, गालिच्याखाली, मांजराखाली, सगळीकडे शोधलं. एकुलती एक स्लाइड होती ती. दुसरी प्रत नाही, काही नाही. नख्ले यांच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि चष्म्यावर तेल असल्याने ते पुसताही येईना. "बाबा," ते पुटपुटले, "बाबा, मी तुम्हाला उडवलं हो."

मुनीर आपल्या सुटाकडे बघत उभा राहिला. पांढरा सूट आता पिवळा झाला होता. "पुरे झाला तमाशा. मी चाललो," असं म्हणून तो वळला.

त्याच्या पाठीवर, दोन खांद्यांच्या बरोबर मध्ये, स्लाइड चिकटली होती.

"चोर!" नख्ले ओरडले आणि त्यांनी मागून झडप घातली. त्याच क्षणी दार उघडून होवसेप आत आला, हातात बाटली. त्याने भिंती पाहिल्या. खाली पालथा पडलेला मुनीर पाहिला, त्याच्यावर बसलेले नख्ले पाहिले. मग तो वाकला, दोन नखांनी स्लाइड सोलून काढली, नाकाजवळ नेली.

"ऑलिव्ह?"

"कफर लौजचं," दोघे भाऊ खालून एकदम म्हणाले.

"वर लिंबू पिळायचं राहिलं का?" होवसेपने विचारलं.

त्याने दुपारभर ती स्लाइड पुसली. शिव्या अर्मेनियनमध्ये देत होता, त्यामुळे बायकांना तिथे बसता आलं. मग खरं तेल, चिकटपट्टी, एकही बुडबुडा नाही. ड्रम फिरला आणि या वेळी शहाण्यासारखा फिरला. मशीनला जोडलेल्या संगणकाच्या पडद्यावर चित्र डावीकडून उजवीकडे, एकेक उभी रेघ करत उमटू लागलं.

आधी खुर्ची आली. मग बेकांचा गुडघा, मग पुढे केलेला हात. होवसेपने खोटं सांगितलं नव्हतं. हातावरचे केस मोजता आले असते. मग हाताला टेकलेले ओठ आले, डोळे मिटलेले, कुणीतरी देवाच्या पाया पडावं तसे. मग कान. कानाची पाळी तुटलेली.

"अगं बाई," विदाद म्हणाली. "हे तर मामंजी!"

"पाळी अनेकांची तुटलेली असते," नख्ले म्हणाले. त्यांना आपलाच आवाज लांबून आल्यासारखा वाटला.

"गाढवाने चावलेली पाळी? अनेकांची?"

मुनीरने मांडीवर थाप मारली आणि तो हसत सुटला. "वदीकाका! पहिला नंबर! व्वा! काय ते डोळे मिटणं, काय ती भक्ती!" तो हसतच होता, तोवर पुढची रेघ आली. वदी फरहूदच्या पाठीवर दोन हात होते. मागचा माणूस बेकरीच्या रांगेत ढकलतात तसा त्यांना ढकलत होता, आपली पाळी लवकर यावी म्हणून. मान तिरकी काढून तो बेकांकडे बघत हसत होता आणि त्याचा सोन्याचा दात चमकत होता.

मुनीरचं हसू अर्ध्यावर राहिलं. गावात सोन्याचा दात एकालाच होता.

पडद्यावर रेघा सरकत होत्या. "मग तो?" नख्ले हळूच म्हणाले. "तो ताठ उभा आहे तो कोण?"

"असेल कुणीतरी आपल्यातलाच," मुनीर म्हणाला. त्यालाही तेवढाच आधार हवा होता. "माझा नको, तुझा नको. पण फरहूद तर असेल ना रे!" आणि कधी नव्हे तो त्याने नख्ले यांचा हात धरला. दोघे तसेच, तेलाने माखलेले, हातात हात घालून बघत राहिले.

टोपी आली. कोटाची एक बाही आली, रिकामी, खाली लोंबणारी. मग टोपी आणि कॉलर यांच्यामधला तो काळोख, जो साध्या स्कॅनरला फोडता आला नव्हता, तो उघडला. तिथे चेहरा नव्हता. तिथे लाकूड होतं. मंडपाचा खांब, त्याला एक खिळा, खिळ्याला कोट, वर दुसऱ्या खिळ्याला टोपी. मंडपात शेगड्या पेटवल्या होत्या, उकडत असणार. वाकायला सोपं जावं म्हणून लोकांनी कपडे काढून ठेवले होते.

नख्ले यांनी पुन्हा वडिलांकडे पाहिलं. वदी फरहूद नुसत्या सदऱ्यात होते. मुनीरनेही पाहिलं. तौफीक बोडके होते आणि कपाळावर टोपीची रेघ उमटलेली.

"कोट तुझ्या बापाचा," मुनीर म्हणाला.

"टोपी तुझ्या," नख्ले म्हणाले.

होवसेप आनंदाने वेडा व्हायचा बाकी होता. "खिळ्यावरचा गंज! गंज दिसतोय, मुस्यू नख्ले! अहो असा अंधार मी आयुष्यात उघडला नव्हता!" आणि त्याने नख्ले यांच्या दोन्ही गालांचे मुके घेतले.

नख्ले यांना वडिलांचा राग आला नाही. खूप वाईट वाटलं. संध्याकाळी पायरीवर बसून म्हातारा सांगायचा, "सगळे वाकले, मी नाही," आणि छोट्या नख्लेची छाती फुगायची. ती तशी फुगवून ठेवण्यासाठी त्या माणसाला रोज खोटं बोलावं लागलं होतं, आणि रोज तो कोटही घालावा लागला होता.

दोघे भाऊ स्वयंपाकघरात गेले आणि दार लावून घेतलं. बाहेर आले तेव्हा नख्ले यांनी घसा साफ करून जाहीर केलं की मशीनमध्ये बिघाड आहे, ते नसलेलं दाखवतं. होवसेप चवताळला, पण विदादने त्याच्यापुढे जेवणाचं ताट ठेवलं आणि त्याचा अपमान थोडा पुढे ढकलला गेला. ते स्कॅन त्याच संध्याकाळी पुसून टाकलं. मशीनवर विदाद आता ओले टॉवेल पसरते.

सभागृहाचं उद्घाटन थंडीतच आलं. भिंतीवर जुनाच, कोळशासारखा फोटो, भिंतभर मोठा केलेला. पाटीचं नाव ठरवायला मंडळ बसलं तेव्हा नख्ले उठून म्हणाले, "माझा आग्रह आहे, मुनीरच्या वडिलांचं नाव घाला." मुनीर घाईघाईने उठला. "छे छे! तो मान वदीकाकांचाच!" एवढं मोठं मन पाहून म्हाताऱ्या बायका रडल्या. दोघेही हटेनात, तेव्हा मंडळाने पाटीवर नुसतं कोरलं: बेकांपुढे न वाकलेला फरहूद.

धाकटे इस्कंदर बेक आले. गोरे, गुळगुळीत, चार महिन्यांवर निवडणूक असल्याने अतिशय प्रेमळ. त्यांनी फोटोकडे पाहिलं, पाटी वाचली आणि दोन्ही हात पसरले. "असा कणा असलेली माणसं आज कुठे आहेत? माझे आजोबाही नेहमी सांगायचे याच्याबद्दल! या थोर माणसाचा मुलगा इथे असेल तर त्याने पुढे यावं. मला त्याचा हात हातात घ्यायचाय."

नख्ले यांनी मुनीरकडे पाहिलं, मुनीरने जमिनीकडे.

"मी!" मागून कुणीतरी म्हणालं. तो दूरचा एक फरहूद होता, त्याला म्हणे त्याच्या बापाने हे मरताना सांगितलं होतं. "अरे जा, तो माझा बाप!" दुसरा ओरडला. मग तिसरा, मग पिठाच्या गिरणीवाला, मग मंडळाचा खजिनदार. गावात ज्यांना म्हणून बाप होते ते सगळे पुढे सरसावले, आणि बघता बघता बेकांसमोर रांग लागली. प्रत्येकजण न वाकलेल्या माणसाचा मुलगा. पहिल्याने हात हातात घेतला आणि सवयीने वाकून ओठ टेकवले. दुसरा त्याला मागून ढकलत होता.

नख्ले आणि मुनीर खांबाला टेकून उभे राहिले. मुनीर रडवेला झाला होता. "चल जाऊ या रे आपण," तो म्हणाला. पण वाटच नव्हती. सभागृहात गर्दीने उकडू लागलं होतं, आणि रांगेत शिरता शिरता कुणीतरी अंगातला ओव्हरकोट काढून नख्ले यांच्या हातावर टाकला. "उस्ताद, जरा धरा हं." मागोमाग दुसऱ्याने टाकला. मुनीरच्या डोक्यावर कुणीतरी आपली टोपी ठेवून गेला.

समोरून फोटोग्राफर हात हलवत होता. "अहो, मागचे दोघे! तुम्ही अंधारात येताय, तोंडं दिसत नाहीत. रांगेत तरी या!"

"असू दे बाळा," नख्ले म्हणाले. "तू काढ."